एकशे विसावी पिन

भांडुप (पश्चिम)
रविवार, २४ नोव्हेंबर १९८५

प्रिय अंबादास मामास,
शकुचा जय भीम.

मामा, फाडू नकोस, आधी बातमी ऐक. आम्ही उपांत्य फेरीत गेलो! आम्ही म्हणजे मी आणि नंदू. मागच्या चाळीतल्या जानकीमावशींचा नंदू, तोच तो, जो तुझ्याकडून सायकलची चेन बसवून घ्यायचा आणि वर तुलाच शिकवायचा. मुलुंडच्या फेरीला सत्तावीस कॉलेजं होती. त्यातली आठ उरली. फोर्ट-चर्चगेटच्या बड्या कॉलेजांच्या खाली फळ्यावर आमच्या पत्र्याच्या वर्गांच्या कॉलेजचं नाव खडूनं लिहिलेलं बघितलं आणि मी वसुधा मॅडमना सगळ्यांसमोर मिठीच मारली. त्यांचा चष्मा पडला. काच शाबूत आहे.

तुला वादविवादाची रीत माहीत नसेल. प्रत्येक कॉलेजचे दोघं असतात. एकानं ठरावाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात, आणि मार्क मात्र दोघांचे मिळून. म्हणजे व्यासपीठावर मी नंदूला झोडपायचं, त्यानं मला झोडपायचं, आणि ढाल दोघांनी मिळून घरी आणायची. जानकीमावशींना हे अजून पटलेलं नाही. आम्ही त्यांच्या ओटीवर सराव करताना आवाज चढला की त्या आतून ओरडतात, "अगो चेडवा, भांडान झाला असात तर जेवान घे!"

आणि आता ठराव ऐक. 'भारताने भूसुरुंगांवर संपूर्ण बंदी घालावी.' आता कळलं, मी तुला का लिहितेय? मी चिठ्ठी उचलली तर मला विरोधाची बाजू आली. म्हणजे सुरुंग हवेत, असं मला म्हणायचंय. अंतिम फेरीपर्यंत विषय हाच आणि बाजूही त्याच. बदलायची सोय नाही. पण ज्या मुलीच्या मामानं स्वतःच्या हातांनी सुरुंग पेरलेत तिला कशाची भीती!

मला दोन गोष्टी हव्यात. एक ढाल, कारण हे माझं शेवटचं वर्ष. दुसरं म्हणजे तू. अंतिम फेरी १२ जानेवारीला घाटकोपरला आहे. आम्ही तिथे पोचलो तर तू पहिल्या रांगेत बसलेला हवास.

गेल्या वर्षी तू कारखान्यातली वॉचमनची नोकरी सोडून असा तडकाफडकी गावी का गेलास, ते काही मला कळलं नाही. आई म्हणते शेताकडे बघायला. असेल. तुझी ट्रंक जिथे असायची तिथे ती अजून काही ठेवू देत नाही. एवढ्याशा खोलीत तेवढा चौकोन रिकामा आणि आम्ही त्याला वळसा घालून फिरतो.

पाकिटात माझा पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवलंय. त्यावर नुसतं 'मिळालं' लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
शकु

* * *

भांडुप
रविवार, ८ डिसेंबर १९८५

मामा,

कार्ड आलं नाही. बरं, नाही तर नाही.

परवा सहा तारखेला आम्ही चैत्यभूमीवर गेलो होतो. तू दरवर्षी येतोस, म्हणून रांगेतल्या प्रत्येक पांढऱ्या सदऱ्याकडे मी वळून बघत होते. आई म्हणाली, "वंदन करायला आलीस की शोधायला?" मी म्हटलं, दोन्ही. तीही शोधत होती, मी बघितलं.

घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू का गेलास ते मला चांगलं माहीत आहे. गेल्या डिसेंबरातली ती वक्तृत्व स्पर्धा. तुला सरप्राइज द्यायचं म्हणून मी काही न सांगता तुला नेऊन पुढे बसवलं आणि तुझीच गोष्ट सांगितली. एकाहत्तर साली, लढाई तोंडावर आलेली, पंजाबच्या सीमेवरच्या शेतांत माझ्या मामानं एकशे एकोणीस सुरुंग पेरले आणि त्यातल्या एकाचाही हिशेब चुकला नाही, असं मी छातीठोकपणे म्हटलं. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं, आणि तू उठून बाहेर गेलास. मला वाटलं पाणी प्यायला गेला असेल. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून परतले तर ट्रंक नव्हती.

तुला विचारायला हवं होतं, कबूल. पण मामा, मी तुझं कौतुकच केलं होतं ना! कौतुकावर कुणी वर्षभर रुसून बसतं का?

असो. आता आमची तयारी बघ. वसुधा मॅडमनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातून कागद आणले. संयुक्त राष्ट्रांत १९८०मध्ये एक करार झालाय आणि गेल्या वर्षी आपल्या सरकारनं त्याला मान्यता दिली. त्यात बंदी नाही! सुरुंग कुठेही कसेही टाकू नका, साध्या माणसांविरुद्ध वापरू नका, आणि मुख्य म्हणजे कुठे पेरलेत त्याची नोंद ठेवा, असं म्हटलंय. मी आनंदानं उडीच मारली, कारण माझं अख्खं भाषण त्यात आहे. आपली सीमा केवढी लांब, जवान मोजके. शेजारी सही करणार नसेल तर आपणच का हात बांधून घ्यायचे? नोंद चोख ठेवा, लढाई संपली की उचला, झालं.

नंदू म्हणतो, "लढाई संपली हे सुरुंगाला कोण सांगणार, शकु?" चांगला आहे त्याचा मुद्दा. पण मी काय उत्तर काढलंय बघ: "सुरुंग आंधळा असेल, पण नकाशा आंधळा नसतो." कसं आहे? झकास ना? नंदू डोकं खाजवत बसला. आमच्या कॉलेजच्या पोरांना हे वाक्य आत्ताच पाठ झालंय, कँटीनमध्ये मला बघितलं की ओरडतात.

तुला एकच विचारायचंय. परीक्षकांत एक निवृत्त फौजी अधिकारी आहेत आणि ते खोचक प्रश्न विचारतात म्हणे. पेरलेल्यांची मोजणी कधी चुकते का रे? चुकू नये म्हणून तुम्ही काय करायचात? तू लहानपणी मला सांगितलं होतंस, पण पक्कं करून घेतलेलं बरं.

शकु

* * *

भांडुप
सोमवार, १६ डिसेंबर १९८५

मामा! मामा! मामा!

अंतिम फेरी!!

काल उपांत्य फेरी झाली. नंदू असा बोलला, असा बोलला, की मलाच क्षणभर वाटलं, घाला बाबा बंदी! मग मी उठले. टेबलाची कड घट्ट धरली. पहारेकऱ्यापासून सुरुवात केली. रात्रभर जागणारा दमलेला जवान, त्याच्या पुढे उघडं रान, आणि घटकाभर त्याचा डोळा लागतो तो पुढच्या सुरुंगांच्या भरवशावर. मग सीमा, मग करार, आणि शेवटी माझं वाक्य. मी "सुरुंग आंधळा असेल" एवढंच म्हटलं आणि मागून आमच्या पोरांनी उरलेलं पूर्ण केलं! अध्यक्षांनी घंटा वाजवून त्यांना गप्प बसवलं.

आणि ते फौजी परीक्षक आहेत ना, त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला. "बाई, मोजणी कशी करतात, माहीत आहे का?" तुझं उत्तर आलं नव्हतं, पण मला आठवत होतं. मी सांगितलं, प्रत्येक सुरुंग जिवंत करताना त्याची पिन काढतात. ती पिन टाकून द्यायची नाही, जमा करायची. शेवटी पिना मोजायच्या. जितक्या पिना तितके जमिनीत जिवंत सुरुंग, आणि तोच आकडा नोंदीत. ते मान हलवत होते. मग मला राहवलं नाही, मी म्हटलं, "सर, आमच्या घरी एक पिन आहे. माझ्या मामानं आणलीय."

"घरी?" ते म्हणाले. मग माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बहुतेक खूश झाले.

आता एक राहिलेलं कबूल करते, म्हणजे पाटी कोरी. गेल्या वर्षी मी नुसती गोष्ट सांगितली नव्हती. ती पिनही पर्समधून काढून वर धरली होती. लाल दोऱ्यात ओवलेली, कडीवाली. तू ती बघितलीस आणि मगच उठलास, हे मला नंतर आठवलं. ती सगळ्यांना दाखवली म्हणून तुला राग आला का? ती तू मला दिली होतीस, आपल्या दोघांतली गोष्ट होती, म्हणून?

तुला आठवतं का, लढाईनंतर पहिल्या सुट्टीवर आलास तेव्हा तू ती माझ्या मुठीत ठेवली होतीस. मी सहा वर्षांची. कडी माझ्या अंगठ्यात बसायची. आणि पुढच्या वर्षी आलास तेव्हा परत मागायला लागलास. मी फ्रॉकमध्ये लपवली आणि असा काही थयथयाट केला की आईनं तुलाच दटावलं. "दिलेली वस्तू पोरीकडून परत मागतोस? लोखंडाचा तुकडा तो!" तू हात मागे घेतलास.

१२ जानेवारी, रविवार, सकाळी दहा, घाटकोपर. जागा धरून ठेवीन. तू ये, एवढंच.

शकु

* * *

भांडुप
गुरुवार, २ जानेवारी १९८६

मामा,

तुझं पत्र आलं. पाकीट जाड होतं म्हणून मी नाचत वर आले. आई पाण्याला गेली होती. मी उभ्यानंच फोडलं आणि मग तुझ्या ट्रंकेच्या जागी खाली बसले.

चारदा वाचलं. मला नीट कळलंय ना, म्हणून तूच लिहिलेलं तुलाच परत लिहिते. चुकलं तर सांग.

तुम्ही घाईत होता, लढाई केव्हा पेटेल सांगता येत नव्हतं. एक पिन तू डब्यात टाकायच्या ऐवजी खिशात टाकलीस. शकुला खेळायला होईल म्हणून. 'डोक्यात तूच होतीस,' असं तू लिहिलंयस. संध्याकाळी पिना मोजल्या, एकशे एकोणीस भरल्या. पेटीतून एकशे वीस निघाले होते, पण पेटीतच एक कमी आला असेल असं सगळ्यांनी धरलं, कारण तुझ्यासारख्याकडून चूक होणार नाही, अशी साहेबांना खात्री होती. तुला पिनेची आठवणच नव्हती. चार दिवसांनी विजार धुवायला काढली तेव्हा ती सापडली. तोवर नोंदीवर सह्या होऊन कागद वर गेला होता, आणि लढाई सुरू झाली. तू गप्प बसलास. उचलताना मीच असेन, तेव्हा बघून घेईन, असं तुला वाटलं. पण उचलायला दुसरीच तुकडी गेली. त्यांनी कागद बघितला, एकशे एकोणीस काढले, आणि शेत मोकळं म्हणून देऊन टाकलं.

गवत कापायला आलेल्या बाईचं नाव बचन कौर. उजवा पाय गेला. चौकशी झाली, नोंद बरोबरच निघाली, कालव्याच्या पाण्यानं कुठून तरी सुरुंग वाहत आला असेल असं ठरलं. तुला हे सोबत्याच्या पत्रातून कळलं, आणि तेव्हा पिन माझ्या अंगठ्यात होती.

मामा, मी ती सभागृहात वर धरली. एकाचाही हिशेब चुकला नाही, असं म्हणत.

मला तुझा राग आलाय. आला आहेच, लपवत नाही. चौदा वर्षं! एक चिठ्ठी लिहायची होतीस रे पलटणीला! आणि मग लगेच तू मला खांद्यावर घेऊन भांडुपच्या चढावरून चालायचास ते आठवतं, आणि कुणावर रागवायचं तेच कळत नाही. दोन दिवस मी कुणाशी बोललेले नाही. नंदूला वाटतंय मी घाबरलेय. आईला मी काही सांगितलेलं नाही.

आता माझी पंचाईत ऐक. माझं सगळं भाषण उभं आहे ते नोंदीवर. नोंद चोख ठेवा, मग बंदी कशाला. आणि तुमची नोंद किती चोख होती! सह्या होत्या, आकडा होता, नकाशा होता. एक मामा होता आणि त्याला भाची होती, एवढ्यावरून सगळी खोटी पडली. नंदूच्या बाजूला ह्याच्या इतका मोठा मुद्दा जगात नसेल. मार्क दोघांचे मिळून आहेत, त्यामुळे मी गुपचूप हे नंदूला दिलं, तर त्यानं ते सांगून मला चितपट केलं तरी ढाल आमचीच. आता सांगून टाकते, हा विचार माझ्या मनात आला. पत्र हातातच होतं तेव्हा आला. इतकी मी हावरट आहे.

पण गेल्या वेळी मी विचारलं नव्हतं. ह्या वेळी विचारते. मामा, हे सांगू का? तू हो म्हणालास तर तुझं नाव न घेता नंदू सांगेल. नाही म्हणालास, किंवा काहीच बोलला नाहीस, तर माझ्या तोंडून चकार शब्द निघणार नाही. ते पोस्टकार्ड अजून तुझ्याकडे असेल. हो की नाही, एवढंच लिही.

तू येणार का, हे आता विचारत नाही.

शकु

* * *

भांडुप
मंगळवार, १४ जानेवारी १९८६

प्रिय मामा,

ढाल गेली. दोन मार्कांनी! नंदूला वैयक्तिक दुसरं बक्षीस मिळालं, आणि तो माझ्याशी बोलत नाही. म्हणजे कालपर्यंत बोलत नव्हता. आज सकाळी येऊन म्हणाला, "तुझं काय ते तुला माहीत, शकु. मी विचारणार नाही. पण वाट लावलीस यार आपली." मग जानकीमावशींनी दोघांना जेवायला वाढलं.

सगळं सांगते. सभागृह खच्चून भरलेलं. पहिल्या रांगेत मी माझी ओढणी टाकून एक खुर्ची धरली होती. दहा वाजता कार्यकर्त्यानं ओढणी उचलून माझ्या हातात दिली आणि तिथे कुणी पाहुणे बसले. शनिवारपर्यंत पोस्टमनची वाट बघितली होती. कार्ड नव्हतं. म्हणजे नाही, असं मी धरलं.

नंदू आधी बोलला. त्याला मी काहीच दिलं नव्हतं, तरी फार छान बोलला. मग मी. पहारेकरी सांगितला, सीमा सांगितली. ते मी मनापासून सांगितलं, मामा, कारण ते खोटं नाहीच. तुम्ही तिथे उघड्यावर उभे होता, ते खरंच होतं. मग करार. आणि मग ते वाक्य आलं. "सुरुंग आंधळा असेल," मी म्हटलं, आणि मागची पोरं श्वास रोखून तयार. मला बचन कौर दिसली. मी तिला कधी बघितलेलं नाही, पण दिसली, विळा घेऊन वाकलेली. मी थांबले. किती वेळ कुणास ठाऊक, नंदू म्हणतो दहा सेकंद तरी. मग मी म्हटलं, "अध्यक्ष महाराज, इथे माझं एक वाक्य आहे. त्यावर मी मागच्या फेरीत टाळ्या घेतल्यात. ते मी मागे घेते. मला ते आता खरं वाटत नाही."

आणि खाली बसले. दीड मिनिट शिल्लक होतं. स्वतःचीच बाजू सोडली म्हणून मार्क कापले. वसुधा मॅडमनी कपाळाला हात लावला.

पण ऐक, पुढचं महत्त्वाचं आहे! बक्षीस समारंभ झाला आणि ते फौजी परीक्षक गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले. उंच, पांढऱ्या मिशांचे. हळू आवाजात म्हणाले, "ती पिन तुमच्या घरी कशी आली? पिना घरी येत नसतात." मामा, त्यांना उपांत्य फेरीपासून माहीत होतं! मी म्हटलं, "सर, ते सांगायची मला परवानगी आलेली नाही." मला वाटलं, चिडतील. त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर स्वतःचा पत्ता लिहिला आणि म्हणाले, "आली की कळवा. जुनी नोंदही दुरुस्त करता येते."

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तुला न विचारता सांगितलं, माफ कर, पण ती तुझी बहीण आहे. ती म्हणाली, "तेव्हा मीच त्याला दटावलं होतं, नाही का गं?" आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

आणि आज दुपारी! आज दुपारी पोस्टमननं खालून हाक मारली. माझ्याच अक्षरातला माझा पत्ता. तू कार्ड आठ तारखेला टाकलंयस, शिक्का स्पष्ट आहे. मेलं सहा दिवस कुठे लोळत होतं! मी जिन्यातच वाचलं. इतक्या मोठ्या कार्डावर तू दोनच ओळी लिहिल्यास:

'सांग. माझं नाव घेऊन सांग.
पिन मला परत हवी.'

मी जिन्यातच हसायला लागले आणि रडायला लागले. खालची शेजारीण बाहेर येऊन विचारायला लागली, पास झालीस का म्हणून. मी हो म्हटलं.

मामा, मी शनिवारी सकाळच्या एस.टी.नं येतेय, तिन्हीसांजेपर्यंत पोचेन. आई पण येतेय. परीक्षकांचा पत्ता आणतेय, कोरे कागदही आणतेय. आपण बसून लिहू, तू सांग, मी लिहिते. आकडा एकशे वीस लिहू, आणि बचन कौरचं नाव लिहू, कारण तुमच्या त्या चोख नोंदीत ते कुठेच नाही. खाली सही तुझी.

पिन आत्ता माझ्यासमोर आहे. लाल दोरा मी सोडवून टाकलाय. कडी आता माझ्या करंगळीतही जेमतेम जाते. तेव्हा तू मागितलीस आणि मी लपवली, आणि तू हात मागे घेतलास. स्टँडवर उतरले की तू हात पुढे कर, मामा. ह्या वेळी मी देते.

तुझी,
शकु